विमानाभोवतीची वाफ, बाष्प की धुकं?

कसबा बावड्यात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय : ध्वनीच्या वेगाजवळ उडणाऱ्या लढाऊ विमानाभोवती पांढराशुभ्र ढग दिसतो, त्याला फळ्यावर काय लिहू? मुलं 'धूर' म्हणतात, कुठं 'वाफेचा ढग' वाचलं, कुठं 'बाष्पशंकू'.

बाई, 'धूर' आधी पुसून टाका. तिथं काही जळत नाही. आभाळात खूप उंचावर विमानामागं लांब पांढरी रेघ उमटते, तीही वेगळी. इंजिनातून निघालेल्या बाष्पाचे हिमकण होऊन ती बनते आणि विमान गेलं तरी मागं राहते. हा ढग विमानाला चिकटून पळतो.

'बाष्पशंकू'मधला शंकू चांगला, आकार नेमका सांगतो. अडचण बाष्पाची आहे. 'बाष्पीभवन', 'हवेतलं बाष्प' असं तुम्ही शिकवता तेव्हा ते वायुरूप पाणी असतं, डोळ्यांना न दिसणारं. विमानाभोवती दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब.

मग वाफ? हा शब्द 'बाष्प'चंच प्राकृतातून घासून आलेलं रूप, पण बोलीत तो दिसणाऱ्या गोष्टीला लागला. गुऱ्हाळात काहिलीवर उठते ती वाफ, वाफाळता चहा, भात वाफेवर ठेवणं, अगदी तोंडची वाफ दवडणंसुद्धा. या सगळ्यांत ऊब आहे. वाफ म्हटलं की मुलांच्या मनात चूल पेटते, आणि विमानाभोवती घडतं ते नेमकं उलट. ध्वनीचा वेग समुद्रसपाटीला, १५ अंश सेल्सिअसला, ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर. विमान त्याच्या जवळ पोचलं की पंखांवरून, पाठीवरून जाणारी हवा काही ठिकाणी त्याहून वेगानं धावते, पसरते. तिचा दाब उतरतो, तशी ती गार होते. दमट हवा दवबिंदूखाली, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाखाली, गेली की थेंब धरतात. मागं आघाततरंगापाशी, म्हणजे हवेचा दाब एका झटक्यात वाढतो त्या पातळ पट्ट्यापाशी, तापमानही एकदम चढतं, थेंब विरतात. म्हणून त्या ढगाची मागची कड इतकी सरळ तुटलेली दिसते.

हे कोल्हापूरच्या पोरांनी पाहिलेलं आहे. पावसाळ्यात कोकणातनं दमट वारा गगनबावड्याच्या घाटात चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते, गार होते आणि समोरचा रस्ता दिसेनासा होतो. त्याला आपण वाफ म्हणत नाही, धुकं म्हणतो. विमानाभोवतीही तेच, फक्त क्षणात. म्हणून माझं मत 'धुक्याचा शंकू' या नावाला.

आणखी एक. अशा फोटोखाली 'विमानानं ध्वनीची भिंत फोडली तो क्षण' असं सर्रास छापतात. ७ जुलै १९९९ रोजी कोरियाजवळच्या समुद्रावर टिपलेला अमेरिकी नौदलाच्या हॉर्नेट विमानाचा फोटो जगभर गाजला, त्याच्याखालीही अशा ओळी आल्या. पण ध्वनीच्या वेगाच्या थोडं आत असतानाही हा शंकू उमटतो, आणि हवा कोरडी असली तर वेग ओलांडूनही उमटत नाही. तेव्हा 'ध्वनीच्या वेगालगतचं विमान' एवढंच लिहावं. 'स्वनातीत' हा शब्द वेग खरंच ओलांडला असेल तेव्हासाठी राखून ठेवा.

आणि एखाद्या चित्रात पंखांवर नुसता पातळ पांढरा थर असेल, तर तिथं शंकू नको. 'धुक्याचा पदर' म्हणा.