लोगोचे पैसे दिले, पण मालकी कुणाची?

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका ताईंनी विचारलं आहे : "मी घरी कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करून विकते. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका डिझायनरकडून लोगो करून घेतला. 6,000 रुपये ठरले, ते यूपीआयने दिले. करार वगैरे काही नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलणं. आता दुकानाचा गाळा घेतला आहे. पाटीसाठी कन्नड अक्षरांतला लोगो हवा म्हणून मूळ कोरल फाइल (जिच्यात बदल करता येतात ती) मागितली, तर तो 35,000 मागतो. 'लोगो माझा आहे, पैसे देणार नसाल तर वापर बंद करा, नाहीतर कोर्टात खेचतो,' असं म्हणतो. 10,000 पाकिटं छापून घरात पडली आहेत. काय करू?"

ताई, आधी पाकिटांचं सांगतो, कारण झोप त्यांनीच उडवली असणार. ती वापरा. त्यानं पैसे घेतले, मसाल्याच्या धंद्यासाठी म्हणून लोगो दिला आणि दोन वर्षं तुमच्या पाकिटांवर तो दिसत असताना हरकत घेतली नाही. म्हणजे त्या कामासाठी वापरायची परवानगी त्यानं दिलेलीच आहे, ती कागदावर नसली तरी. तुम्ही काही चोरलेलं नाही. असली धमकी बिनबुडाची असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 60 खाली तुम्ही स्वतःच दावा लावून न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेऊ शकता.

पण तो जे म्हणतो त्यातला अर्धा भाग खरा आहे, हेही सांगायलाच हवं. आपल्याकडे सरसकट समज असा, की पैसे मोजले म्हणजे वस्तू आपली. मिक्सरचं तसं असतं, लोगोचं नसतं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे चित्राचा पहिला मालक तो काढणारा. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून काढलं असतं, तर मालकी नोकरी देणाऱ्याची झाली असती. बाहेरून काम देऊन करून घेतलं, तर तसं होत नाही. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट यांना वेगळा नियम आहे, आणि लोगो त्यात बसतो असा युक्तिवाद करता येईल. पण त्याच्या भरवशावर मी तुम्हाला दुकानाची पाटी करायला सांगणार नाही. मालकी तुमच्याकडे यायची तर कलम 19 प्रमाणे लेखी हस्तांतरण हवं आणि त्यावर त्याची सही हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर "घ्या, तुमचाच लोगो" असं त्यानं लिहिलं असेल, तर परवानगीचा पुरावा म्हणून ते सोन्यासारखं आहे, मालकीला मात्र पुरणार नाही. म्हणून तो चॅट पुसू नका, फोन बदलायचा असेल तर जुना जपून ठेवा. असा पुरावा न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील.

आता कन्नड लोगोचं. खरी अडचण इथं आहे. कर्नाटकातल्या कायद्याप्रमाणे दुकानाच्या पाटीवर 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये, आणि तोही वरच्या भागात लागतो. आपल्या मराठी माणसांना हा विषय किती लागतो ते मला ठाऊक आहे, पण पाटी लावायची आहे तर नियम पाळूनच लावावी लागेल. मराठी लोगोवरून कन्नड अक्षरांचा लोगो करणं म्हणजे मूळ चित्राचं रूपांतर, आणि रूपांतराचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडे असतो. दुसऱ्या कुणा आर्टिस्टकडून हुबेहूब तसाच कन्नडमध्ये "मारून" घेतलात, तर आज पोकळ वाटणाऱ्या त्याच्या धमकीला आधार मिळेल. त्याच्याकडून लेखी हक्क मिळेपर्यंत पाटीवर साध्या कन्नड अक्षरांत दुकानाचं नाव लावा. नाव तुम्ही ठेवलंय, त्यानं नाही.

या नावावरच तुमचा सगळा जोर हवा. ते आजीच्या नावावरून तुम्हीच ठेवलंत असं तुम्ही पत्रात सांगितलं आहे. लोगोचा वाद मिटेपर्यंत थांबू नका. फक्त नावाचा, म्हणजे शब्दाचा, ट्रेडमार्क अर्ज, म्हणजे धंद्याची ओळख म्हणून ते नाव नोंदवायचा अर्ज, आत्ताच करा. या नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाले आणि चटण्या वर्ग 30 मध्ये येतात (पुढं लोणचं सुरू केलंत तर ते वर्ग 29). एका व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये आहे. तुमचा धंदा बेळगावात, म्हणून अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो, मुंबईला नाही. आपल्या भागात ही चूक फार होते. कोल्हापूरच्या एजंटाला काम दिलंत तर पत्ता बेळगावचाच घातला आहे का ते पाहून घ्या. दोन वर्षांपासून नाव वापरताय हे दाखवायला जुनी बिलं, पाकिटं, यूपीआयच्या नोंदी जमवा. लोगोचा अर्ज मात्र आत्ता नको : ज्या चिन्हाचा वापर कॉपीराइटमुळे रोखता येतो, त्याची ट्रेडमार्क नोंदणी अडवली जाऊ शकते.

राहता राहिला तो डिझायनर. माझं मत, भांडू नका, सौदा करा. कॉपीराइटचा दावा तो स्वतः राहतो तिथं, म्हणजे कोल्हापुरात लावू शकतो, आणि तारखांना निपाणी ओलांडून तुम्हाला जावं लागेल. शिवाय त्याचाही विचार करा, 6,000 रुपयांत त्यानं तुम्हाला चेहरा दिला आहे. 35,000 अवाच्या सवा आहेत, पण मूळ फाइल, कन्नड रूप आणि कायमची मालकी एवढं सगळं मिळणार असेल, तर आणखी थोडे पैसे देणं अन्याय नाही. 8-10 हजारांवर बोलणी सुरू करा.

पण पैसे द्याल ते मालकी हस्तांतरणाच्या कागदावर त्याची सही झाल्यावरच. त्या कागदावर लोगोचं चित्र चिकटवा. मग मुदत. इथं माणसं फसतात : मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या तुमची चटणी दुबईला गेली तर? म्हणून "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगासाठी" हे शब्द जसेच्या तसे हवेत. एखादा हक्क वर्षभर वापरला नाही तर तो डिझायनरकडे परत जातो, तसं होणार नाही हेही लिहून घ्या. कन्नड, इंग्रजी, कुठल्याही लिपीत बदल करायचा हक्क, मोबदल्याची रक्कम, मूळ फाइल देण्याची तारीख, हे आलंच. आणि लोगो त्याचा स्वतःचा आहे, कुठून उचललेला नाही, दुसऱ्या कुणाला विकलेला नाही, हे त्याच्याकडून वदवून घ्या. अक्षरांचा फॉन्ट कुठला तेही विचारा. 'मुक्ता' किंवा 'बालू'सारखा खुल्या परवान्याचा असेल तर चिंता नाही, विकतचा असेल तर परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळायला हवं.

सही बेळगावात, कर्नाटकच्या ई-स्टॅम्पवर, दोन साक्षीदारांसमोर करा. चंदगडहून कुणी महाराष्ट्राचा स्टॅम्प आणून दिला तर तो इथं वापरू नका.

तो ऐकेनासा झाला, तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरणांच्या 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि मध्यस्थीही करून देतात. आज मात्र त्याला फोन करू नका, रागात काहीतरी बोलून जाल. एवढाच मेसेज टाका : "तुम्ही केलेला लोगो आम्ही ठरल्याप्रमाणे पैसे देऊन वापरत आहोत. मूळ फाइल आणि हक्क लेखी घ्यायचे आहेत. वाजवी रक्कम सांगा, बेळगावात भेटून कागद करू."