सॅटचा स्कोअर पाठवू की झाकून ठेवू?

तुझा मेसेज नीट वाचला. सॅटला, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या त्या प्रवेशपरीक्षेला, १३८० (गणित ७६०, वाचन-लेखन ६२०), दहावीला ९४ टक्के, अकरावीला ६८, इंजिनिअरिंगला जायचंय, आणि प्रश्न असा की "ताई, कॉलेजने ऑप्शनल लिहिलंय तर स्कोअर पाठवू का? आमचे कन्सल्टंट म्हणतात, दीड हजाराच्या खाली असेल तर दाखवूच नको." मलाही २०२१ मध्ये अगदी हेच सांगितलं होतं आणि मी मुकाट ऐकलं. त्याचं काय झालं ते सांगतेच, आधी तुझी कॉलेजांची यादी बघू.

यादीतल्या निम्म्या ठिकाणी हा प्रश्नच येत नाही. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकला स्कोअर लागतोच. एमआयटीने २०२२ मध्येच तो परत सक्तीचा केला, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही तेच केलं. याउलट तुझं सॅन डिएगो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कुठलीच शाखा प्रवेश ठरवताना स्कोअर बघत नाही, १६०० पैकी १६०० असले तरी. म्हणजे डोकं चालवायचं ते फक्त मिशिगन आणि यादीतल्या दोन छोट्या कॉलेजांसाठी. यंदाचा नियम मात्र प्रत्येकाच्या ॲडमिशनच्या पानावर स्वतः वाच. हे नियम दरवर्षी बदलतायत आणि कन्सल्टंटकडच्या फाईली जुन्या असतात.

आता "दीड हजाराच्या खाली" हे कुठून येतं? कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं टाकून शोध, एक पीडीएफ सापडेल. त्यात सी-९ नावाचा तक्ता असतो: प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी स्कोअर दिला आणि मधल्या निम्म्या मुलांचे गुण किती ते किती. लोक फक्त गुणांचा आकडा बघतात आणि घाबरतात. पण त्याच्या शेजारची टक्केवारी वाच. जिथे निम्म्यांनीच स्कोअर दिलाय, तिथे तो आकडा दाखवायची हिंमत झालेल्यांचा आहे, वर्गाचा नाही. कमी गुणवाले गप्प बसले की सरासरी चढते, ती बघून पुढच्या वर्षी आणखी मुलं गप्प बसतात. डार्टमथने २०२४ मध्ये सक्ती परत आणताना हेच सांगितलं होतं, की साधनं कमी असलेल्या घरांतली मुलं ज्या स्कोअरचा फायदाच झाला असता तोच लपवतायत. तिथले लोक स्कोअर वाचताना तो कुठल्या शाळेतून आलाय तेही बघतात.

आणि तुझी शाळा त्यांना कळणार कशी, हा खरा मुद्दा आहे. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा ३८ त्यांना ओळखीचा असतो. आपल्या बोर्डाचे ९४ म्हणजे काय, त्यात बेस्ट ऑफ फाइव्ह किती आणि चित्रकलेच्या परीक्षेचे वाढीव किती, हे ओहायोत बसलेला माणूस कशाला शोधत बसेल? अकरावीचं तर विचारूच नको. जेईईच्या क्लासपायी अकरावीकडे कोण बघतं हे तुला-मला माहीत आहे, त्यांना नाही. त्यांच्याकडे नववी ते बारावी सगळी वर्षं मोजतात, आणि ६८ हा आकडा अमेरिकन डोळ्यांना जेमतेम पास वाटतो. अशा फाईलमध्ये गणितातले ७६० ही एकच गोष्ट अशी आहे जी त्यांना न समजावता समजते. तो आकडा काढून घेतलास तर मागे काय उरतं ते तूच बघ.

माझं असंच झालं. १३९० होते, लपवले. त्या कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला, पेढे वाटले. मग एप्रिलमध्ये कळलं की प्रवेशाला स्कोअर ऐच्छिक असला तरी त्यांच्या मोठ्या मेरिट स्कॉलरशिपला तो लागत होता. दुसऱ्याच पानावर, खाली, बारीक अक्षरात. मी लगेच स्कोअर पाठवला, तर उत्तर आलं की मुदत संपली. बाबांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत चार वर्षांचा हिशोब मांडला, दोनदा खोडला, आणि ते कॉलेज सुटलं. म्हणून तू प्रत्येक कॉलेजची दोन पानं वाच, ॲडमिशनचं आणि स्कॉलरशिपचं. परदेशी मुलांच्या बाबतीत बहुतेक कॉलेजं प्रवेश देतानाच पैशाची गरजही बघतात, त्यामुळे मदत मागणाऱ्याची फाईल भरीव असलेली बरी.

तर माझं मत: त्या दोन छोट्या कॉलेजांना १३८० बिनधास्त पाठव. मिशिगनला आज आहे तसा पाठवला तरी कठीण आणि नाही पाठवला तरी कठीण, म्हणून तिथलं ऑक्टोबरच्या परीक्षेनंतर ठरव. गणित दाखवलं आणि वाचन झाकलं, असं करता येत नाही. पण बरीच कॉलेजं सुपरस्कोअर धरतात, म्हणजे वेगवेगळ्या तारखांचे दोन्ही भागांचे सर्वोत्तम गुण जोडतात. वाचन-लेखनात ६८० आणलेस की १४४० झाले, गणिताला हातही न लावता. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. प्रत्येक भाग दोन मॉड्यूलमध्ये, म्हणजे टप्प्यांत, येतो; त्यातल्या पहिल्यावर जास्त जीव लाव, कारण दुसरं अवघड येणार की सोपं हे त्यावर ठरतं, आणि सोपं आलं तर वरचे गुण हाताला लागत नाहीत.

टोफेल-आयईएल्टीएसची भानगड वेगळी आहे. सॅट ऐच्छिक म्हणजे इंग्रजीची परीक्षाही माफ, असं समजून बसू नकोस.

कॉलेजच्या ऑफिसात आताच जा. ट्रान्सक्रिप्ट म्हटलं की क्लार्ककाका गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर शिक्का मारून देतील. त्यांना चहा पाज, आणि प्राचार्यांकडून लेटरहेडवर एवढं लिहून घे की अकरावीला तुमच्या तुकडीत किती मुलं होती आणि पंचाहत्तरच्या वर किती जणं गेली. ते पान तुझ्या ६८ ला अर्थ देईल. अर्जात 'अधिक माहिती'ची जागा असते, तिथे अकरावीबद्दल तीन-चार ओळी लिही, रडगाणं नको. आणि एखाद्या ठिकाणी स्कोअर नाहीच दिलास, तर का नाही दिला हे चुकूनही लिहू नकोस. त्यांनी विचारलेलं नसतं.

ऑक्टोबरची जागा आजच धर, पुण्यातली केंद्रं भराभर भरतात. लॅपटॉपवर परीक्षेचं ब्लूबुक ॲप आदल्या आठवड्यातच टाकून बघ, चार्जर बरोबर ने. राहायची सोय नसेल तर सांग, कोथरूडला माझी आत्या असते. केंद्र कुठलं मिळालं ते कळव, मी तिला फोन करते.