सही घेतली म्हणून हक्क जात नाही

पत्र : केज तालुक्यात सासर. नवरा दारू पिऊन मारतो. मागच्या महिन्यात डोक्याला टाके पडले. भावकीनं बैठक बसवली आणि 'पोलिसात, कोर्टात जाणार नाही' अशी स्टँपवर माझी सही घेतली. त्यानं ऊसतोडीच्या मुकादमाकडून आम्हा दोघांच्या जोडीची उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, दसऱ्यानंतर उसाच्या फडावर चल म्हणतो. सध्या मी माहेरी आहे. आता काही होऊ शकतं का?

ताई, होऊ शकतं. कोर्टात जायचंच नाही असा करार कायद्यात टिकत नाही; करार अधिनियम 1872, कलम 28. उलट त्या कागदाची झेरॉक्स मिळवा. त्यात मारहाणीचा उल्लेख असला तर तो तुमचाच पुरावा, खाली भावकीच्याच सह्या आहेत!

आणि उचलीपायी तुम्हाला जबरदस्तीनं फडावर नेता येत नाही. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 पासून आहे.

टाके घातले त्या दवाखान्याचा केसपेपर काढा. सोबत सासरचं माणूस असलं की त्यावर हमखास 'घसरून पडली' लिहिलेलं असतं. तसं असेल तर ते कुणी सांगितलं आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं, हे कोर्टातल्या अर्जात लिहा. व्रणाचा फोटो काढून ठेवा.

मग तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला (घरातल्या हिंसेच्या तक्रारी पाहणारा सरकारी अधिकारी) भेटा. पत्ता अंगणवाडीताईकडे किंवा 181 या महिला हेल्पलाइनवर मिळेल. ते घटनेचा अहवाल भरतात. तिथं 'नेहमी मारतो' एवढंच सांगून भागत नाही. तीन-चार प्रसंग नीट सांगा : तारीख आठवत नसेल तर जवळचा सण, कशानं मारलं, कुठं लागलं, कुणी पाहिलं.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज माहेरच्या तालुका कोर्टातही चालतो, मार फडावर बसलेला असो की सासरी. वकील तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही. साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण तारखा लांबतात. म्हणून संरक्षण, खर्ची आणि स्त्रीधनासाठी कलम 23 चा अंतरिम अर्ज शपथपत्रासह पहिल्याच दिवशी द्यायला लावा.

आपल्याकडं खरी अडचण नोटिशीची. टोळी एकदा कोल्हापूर-सांगलीकडं गेली की नोटीस 'इसम गावी नाही' म्हणून परत येते आणि उन्हाळ्यापर्यंत काहीच हलत नाही. तेव्हा टोळी निघायच्या आत अर्ज द्या. त्यात मुकादमाचं नाव, गाव, फोन आणि कारखान्याचं नावही टाका.

पोलिसात तक्रार याच्या जोडीला करता येते. जुनं 498-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण करतील. तुम्ही एफआयआर मागा, प्रत फुकट मिळते. नाहीच घेतला, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती भावाकडं ठेवायला द्या.