इंग्रजी पत्राचा मायना आणि शेवट

प्रश्न : केळीच्या निर्यातीसंबंधी मुंबईतील एका व्यापारी कंपनीला मी इंग्रजीतून पत्र लिहिले. आरंभी ‘रिस्पेक्टेड सर’ आणि शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’ असे घातले, तर पुतण्याने दोन्ही चूक ठरवले. बरोबर काय?
– एक वाचक, रावेर

उत्तर : पुतण्याचे म्हणणे खरे आहे. ब्रिटिश रिवाजानुसार समोरच्या व्यक्तीचे नाव ठाऊक नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ असा मायना लिहून शेवटी ‘युवर्स फेथफुली’ येते, आणि ‘डिअर मिस्टर पाटील’ असे आडनावाने संबोधले असेल तेव्हा ‘युवर्स सिन्सिअरली’ शोभते. अमेरिकेत मात्र दोन्हीकडे ‘सिन्सिअरली’ चालते. ‘रिस्पेक्टेड सर’ हा आपल्या ‘आदरणीय महोदय’चा शब्दशः उतारा असून तो भारताबाहेर खटकतो. माझ्या मते मायन्यापेक्षा पहिले वाक्य अधिक महत्त्वाचे: ख्यालीखुशाली विचारत न बसता ‘आय अ‍ॅम रायटिंग टू आस्क वेदर यू बाय ग्रँड नैन बनानाज फ्रॉम रावेर’ असे थेट लिहावे आणि माल किती टन निघेल, काढणी कोणत्या महिन्यात आहे, हे लगेच पुढच्या ओळीत द्यावे. सरकारी पत्रांतून अंगवळणी पडलेले ‘प्लीज डू द नीडफुल’ तर टाळावेच. त्यांनी दर कळवायचा की माल पाहायला माणूस पाठवायचा, ते स्पष्ट लिहावे.