परस्पर खेळाच्या यादीसाठी क्लबचे सदस्यत्व घ्यावे का?

प्रश्न : माझे वय 47 आहे. आम्ही चार मित्र परिसरातील सहा सार्वजनिक गोल्फ मैदानांवर आळीपाळीने खेळतो आणि माझे वर्षाला 44 राउंड, म्हणजे मैदानावरचे पूर्ण डाव, होतात. जवळच्या एका खासगी क्लबने मला सदस्यत्व देऊ केले आहे. त्या क्लबचे 36 संलग्न क्लब असून परस्पर करारामुळे सदस्याला तिथेही खेळता येते. माझ्या दृष्टीने हेच मुख्य आकर्षण आहे. प्रवेशाची रक्कम राखीव निधीतून भरावी का? माझ्या हिशेबाने दर राउंडमागे बचतच होईल, मित्रांना मात्र हे पटत नाही.

उत्तर : आपण गेल्या वर्षभराच्या नोंदी, क्लबचे शुल्कपत्रक आणि संलग्न क्लबांची यादी तपशीलवार पाठवलीत, त्यामुळे अंदाज बांधण्याऐवजी प्रत्यक्ष हिशेब मांडता आला. सोयीसाठी मी सर्व रकमा एकाच मापात बदलून घेतल्या आहेत. आपण ज्या सार्वजनिक मैदानावर सर्वाधिक खेळता, तिथली एका राउंडची ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे शुल्क) म्हणजे एक एकक. कॅडी (खेळाचे सामान वाहणारा मदतनीस) आणि बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून तो वगळला आहे.

गेल्या वर्षी आपण जवळच्या मैदानावर 26 राउंड खेळलात, त्याचे 26 एकक झाले. मधल्या दर्जाच्या मैदानांवरील 12 राउंड प्रत्येकी सव्वा एककाने 15 एककांना पडले आणि महागड्या मैदानावरील 6 राउंड प्रत्येकी दोन एककांनी 12 एककांना. म्हणजे वर्षाचा एकूण खर्च 53 एकक आणि एका राउंडची सरासरी सुमारे 1.2 एकक. क्लबची वार्षिक वर्गणी 40 एकक आहे आणि भोजनगृहात वर्षाला किमान 6 एककांचा खर्च करणे सदस्याला बंधनकारक आहे. या 46 ला 44 ने भागून आपण दर राउंडचा खर्च 1.05 एकक काढलात आणि बचत होईल असा निष्कर्ष लिहिलात. भागाकार बरोबर आहे. चूक त्याच्या दोन्ही बाजूंच्या आकड्यांत आहे.

आधी भाजक पाहू. सदस्य झाल्यावर 44 पैकी 44 राउंड क्लबवरच होतील, हे गृहीतक आपल्याच पत्रातील दुसऱ्या मजकुराशी जुळत नाही. चौघांपैकी फक्त एक मित्र आपल्याबरोबर सदस्य होणार आहे आणि बाकीचे दोघे सार्वजनिक मैदानांवरच खेळत राहणार आहेत. त्यांना पाहुणे म्हणून क्लबवर आणले तर प्रत्येकी दीड एकक भरावे लागेल आणि ते कोणी भरायचे, हा प्रश्न मैत्रीत फार काळ अनुत्तरित राहत नाही. त्यामुळे 28 राउंड क्लबवर, 10 राउंड मित्रांसोबत बाहेर आणि 6 राउंड संलग्न क्लबांवर, अशी विभागणी मला वास्तवाच्या जवळची वाटते. संलग्न क्लबांची पाहुणा सदस्यासाठीची फी सरासरी एक एकक धरली, तर चालू खर्च 40 अधिक 6 अधिक 10 अधिक 6, म्हणजे 62 एकक होतो. प्रवेशाची रक्कम हिशेबात येण्यापूर्वीच तो सध्याच्या 53 पेक्षा नऊ एककांनी जास्त आहे.

आता हिशेबात मुळीच न आलेली प्रवेशाची रक्कम. क्लब 200 एकक परत न मिळणारे प्रवेशशुल्क आणि 150 एकक बिनव्याजी ठेव मागतो. ही 350 एककांची रक्कम आज सुरक्षित ठिकाणी असून तिच्यावर वर्षाला सहा टक्के मिळतात असे धरू. प्रवेशशुल्क दहा वर्षांत, बुडणाऱ्या व्याजासह, फेडून काढायचे म्हटले तर वर्षाला सुमारे 27 एकक होतात. ठेवीवरील बुडणारे व्याज आणखी 9 एकक. भांडवलाचा खर्च असा वर्षाला 36 एकक होतो. तो 62 मध्ये मिळवला की सदस्यत्वाचे खरे मूल्य 98 एकक येते. म्हणजे वर्षाला 45 एकक जास्तीचे. इतक्या रकमेत आपण जवळच्या मैदानावर आणखी एक वर्षभर खेळू शकाल. आपलेच गृहीतक मान्य करून सर्व राउंड क्लबवर धरले, तरी 46 अधिक 36 मिळून 82 एकक होतात. सार्वजनिक मैदानांच्या सरासरी खर्चाशी बरोबरी व्हायला वर्षाला 68 राउंड, म्हणजे साधारण दर पाच-साडेपाच दिवसांनी एक राउंड खेळावा लागेल, आणि तोही प्रत्येक वेळी त्याच मैदानावर.

परस्पर खेळाच्या यादीवर मी थोडा अधिक वेळ घालवला, कारण आपला निर्णय प्रामुख्याने तिच्यावर उभा आहे. यादीत 36 नावे असली, तरी अर्ध्या दिवसात जाऊन-येऊन खेळता येतील असे क्लब त्यांत नऊच आहेत. क्लबच्या नियमावलीनुसार ठरावीक अंतराच्या आतील क्लबांना ही सवलत लागू होत नाही, त्यामुळे त्यांतले दोन गळतात. असे अंतराचे बंधन बऱ्याच ठिकाणी असते आणि त्याला कारणही आहे, कारण शेजारच्या क्लबवर सवलतीत खेळता आले तर तिथले सदस्यत्व घेईल कोण? उरलेल्या सातांपैकी चार क्लब पाहुण्या सदस्यांना फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी खेळू देतात, आणि आपली नोकरी त्याच दिवशी असते. राहिले तीन. प्रत्येक ठिकाणी वर्षाला चारच भेटींची मुभा आहे, आपल्या क्लबच्या सचिवांचे परिचयपत्र आधी पाठवावे लागते आणि टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची वेळ, त्यांच्या सदस्यांची नोंदणी झाल्यानंतर उरेल तोच मिळतो. म्हणून मी सहा राउंड धरले. हे तीन क्लब एरवी बाहेरच्या खेळाडूला अडीच एकक आकारतात हे लक्षात घेतले, तर सवलतीचे मोल फार तर दीड गुणिले सहा, म्हणजे वर्षाला नऊ एकक. ज्या यादीसाठी आपण 36 एककांचा वार्षिक भांडवली भार उचलणार आहात, ती त्याचा चौथा हिस्सा भरून काढते.

शिवाय ही यादी आपल्या मालकीची नसते. परस्पर करार दोन क्लबांच्या समित्यांमध्ये होतो, सदस्य त्यात पक्षकार नसतो आणि पाहुण्यांची गर्दी वाढली की कोणतीही बाजू पुढील वर्षी तो बदलू किंवा थांबवू शकते. ठेवीची पावती आपल्या हाती असते, कराराची नसते. दहा वर्षांचे पैसे एकदम भरून विकत घ्यावी अशी ही गोष्ट नाही.

ठेवीच्या पावतीलाही मर्यादा आहेत. जपानमध्ये 1980 च्या दशकात गोल्फ क्लबांची सदस्यत्वे शेअरसारखी खरेदी-विक्रीस असत आणि अनेक क्लब मोठी ठेव घेऊन ती ठरावीक वर्षांनी, बहुधा दहा वर्षांनी, परत करण्याचे आश्वासन देत. 1990 नंतर बाजार कोसळला, सदस्यत्वांच्या किमती उतरल्या आणि मुदत भरताच सर्वांनी एकदम ठेव मागितल्यावर ती देणे कित्येक चालकांना अशक्य झाले. पुढील वर्षांत त्यांतील अनेक दिवाळखोरीत गेले. आपल्या क्लबची स्थिती तशी आहे असे मला सुचवायचे नाही. परंतु क्लबला दिलेली बिनव्याजी ठेव हे बहुतेक वेळा विनातारण कर्ज असते आणि तिला त्याच नजरेने पाहिले पाहिजे. त्याचबरोबर मैदानाची देखभाल वर्गणीतून भागतेच असे नाही. बंकरमधील, म्हणजे मैदानावरील अडथळ्याच्या खड्ड्यांतील, वाळू साधारण पाच ते सात वर्षांनी बदलावी लागते, ग्रीन (होलभोवतीचे बारीक गवताचे भाग) पंधरा ते तीस वर्षांनी नव्याने बांधावी लागतात, आणि अशा वर्षी समिती सदस्यांवर विशेष आकारणी बसवते. वरच्या हिशेबात मी ती धरलेली नाही.

क्लबच्या मैदानाचे स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला मैदान किती अवघड जाते याचा आकडा) 134 आणि जवळच्या मैदानाचे 121 असल्याने अवघड मैदानावर खेळून हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याला मिळणाऱ्या जादा फटक्यांचा आकडा) सुधारेल, असेही आपण लिहिले आहे. जानेवारी 2020 पासून लागू असलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत प्रत्येक स्कोअर कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला त्या मैदानावर साधारण लागणारे फटके) आणि स्लोपनुसार 113 या प्रमाणित स्लोपवर आणला जातो आणि शेवटच्या 20 पैकी उत्तम 8 स्कोअरची सरासरी घेतली जाते. आपला इंडेक्स (या पद्धतीने निघालेला हँडिकॅप) 18 आहे, म्हणून कोर्स रेटिंग आणि पार (मैदानासाठी ठरवलेले प्रमाण फटके) यांतील फरक सोडल्यास 121 स्लोपच्या मैदानावर आपल्याला 19 आणि 134 च्या मैदानावर 21 जादा फटके मिळतील. अवघडपणाची भरपाई पद्धतच करते. त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आपल्या पत्रातील मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले वाक्य वेगळेच आहे. सुटीच्या दिवशी सार्वजनिक मैदानावर एका राउंडला पाच तास लागतात आणि क्लबवर चार. हे खरे सुख आहे आणि त्याची किंमत काढता येते. 28 राउंडमध्ये 28 तास वाचतात, म्हणजे जास्तीच्या 45 एककांच्या हिशेबाने एका तासाला सुमारे 1.6 एकक पडतात. हे आपल्याला परवडते आणि पटते असे असेल, तर चैन म्हणून सदस्यत्व घेण्यात काहीच गैर नाही. फक्त त्याला बचत म्हणू नये.

सध्या मात्र ते परवडत नाही, असे माझे मत आहे. आठ महिन्यांच्या घरखर्चाचा राखीव निधी आपण कष्टाने उभा केला आहे आणि प्रवेशाची रक्कम त्यातले पाच महिने एका दिवसात नेईल. कर्ज काढून रक्कम भरण्याचा पर्याय त्याहून वाईट, कारण कर्जाचा व्याजदर मी धरलेल्या सहा टक्क्यांहून नक्कीच अधिक असेल. जवळच्या मैदानाचा 22 एककांचा वार्षिक पासही मी तपासला. तो सुटीच्या सकाळी चालत नसल्याने आपल्या 26 पैकी 11 राउंडच त्यात बसतात, म्हणून तो घेऊ नये. साडेआठ एककांची दहा राउंडांची कूपनपुस्तिका वर्षाला दोन वेळा घ्यावी. त्यात तीन एकक वाचतात.

निवृत्तीनंतर मधले दिवस मोकळे झाले की यादीतील तीनऐवजी सातही क्लब आपल्या कामाचे ठरतील, आणि तोवर राखीव निधीला हात न लावता प्रवेशाची रक्कम वेगळी साठवता येईल. दरम्यान, क्लबकडून एका प्रश्नाचे लेखी उत्तर आताच मागवून ठेवावे. नवा सदस्य आल्याखेरीज जुन्याची ठेव परत मिळत नाही, असे त्यांच्या नियमावलीत आहे. तेव्हा सदस्यत्व सोडलेले किती जण आज ठेवीची वाट पाहत आहेत आणि त्यांतील सर्वांत जुना अर्ज कोणत्या तारखेचा आहे?