समुद्रापासून लांब, जालन्यात राहून युद्धनौकांची क्रेस्ट जमवता येतील का? खरं-खोटं कसं ओळखायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: मराठवाड्यात राहून क्रेस्ट, म्हणजे जहाजांच्या बोधचिन्हांच्या पाट्या, जमवण्याचा छंद जमेल का, आणि विक्रेता दाखवतोय ते 'एचएमआयएस' ('हिज मॅजेस्टीज इंडियन शिप', म्हणजे ब्रिटिश राजाच्या नावाने चालणारं भारतीय जहाज) लिहिलेलं पितळी क्रेस्ट दुसऱ्या महायुद्धातलं आहे का. छंद नक्की जमेल. क्रेस्टचे पैसे मात्र एवढ्यात देऊ नका, आधी त्याच्या पाठीचे फोटो मागवा.

जहाजावरचं पितळ सतत घासलं जायचं. त्यामुळे खऱ्या क्रेस्टच्या उठावदार नक्षीच्या कडा झिजून गोल होतात, अक्षरांच्या कोपऱ्यांत पॉलिशचा पांढरट गाळ घट्ट बसतो, आणि पाठ मात्र खरखरीत, रंगाचे थर घेऊन तशीच राहते. ॲसिड लावून जुना केलेला माल पुढून-मागून सारखाच हिरवा दिसतो. भोकांच्या कडाही पाहा. स्क्रू वर्षानुवर्षं बसलेला असेल तर त्याच्या डोक्याची गोल खूण उमटलेली असते.

दुसरी खात्रीची परीक्षा मापाची. खऱ्या क्रेस्टवरून साचा काढून पुन्हा ओतलं की पितळ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं. म्हणजे 250 मिमीच्या क्रेस्टची नक्कल जवळपास 4 ते 5 मिमी लहान भरते. त्याच जहाजाच्या संग्रहालयातल्या क्रेस्टचं माप मिळालं तर व्हर्नियर कॅलिपर (बारीक माप घेणारी पट्टी) लावून पडताळा.

मग मजकूर. 26 जानेवारी 1950 ला 'एचएमआयएस' जाऊन 'आयएनएस' आलं. एकाच तुकड्यावर 'एचएमआयएस' आणि अशोकस्तंभाचे सिंह दोन्ही असतील तर तो तिथेच बाद. ब्रिटिश क्रेस्टचे आकारही दोन युद्धांच्या काळात ठरलेले होते: मोठ्या लढाऊ जहाजांना गोल, क्रूझरला पंचकोन, विनाशिकेला ढाल, बाकीच्यांना पत्त्यातल्या चौकटसारखा आकार. पुढे सगळीच गोल झाली. गणवेशाची बटणं घेत असाल तर राजमुकुट बघा. युद्धकाळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर फुगलेल्या असतात. मधे खाली दबलेल्या असतील तर बटण 1952 नंतरचं, राणीच्या काळातलं.

'अलंगहून आलेला महायुद्धाचा माल' यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर अलंगला जहाजं तोडायला 1983 मध्ये सुरुवात झाली, आणि तिथे येतात ती बहुतेक वीस-चाळीस वर्षं चाललेली व्यापारी जहाजं. मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखाना भागात 2014 पासून तोडलेली जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' नौदलात आली 1961 मध्ये, तेव्हा तिच्या नावाचा तुकडाही महायुद्धाचा नव्हे. तिथला माल घेताना तोडणाऱ्याच्या विक्रीचं बिल मागा. बिल नसेल तर भंगाराच्या भावानेच बोलणी करा.

जालन्यात धातू तपासून घेणं सोपं आहे, स्टीलच्या धंद्यामुळे लॅब आहेत. फक्त एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी, डाग न पाडता धातू ओळखणारं यंत्र) तपासा असं स्पष्ट सांगा. स्पार्कच्या चाचणीत टिकलीएवढा जळका डाग कायमचा राहतो. तपासणीत तांबं-जस्त की तांबं-कथील ते कळेल, वय कळणार नाही.

आपल्याकडचा खरा धोका पावसाळा. खाऱ्या हवेतून आलेल्या पितळात क्लोराइड मुरलेलं असतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते गप्प राहतं. जुलैत दमट झालं की फिकट हिरवी भुकटी सुटते आणि धातू खात जाते. वरवर पुसून ती थांबत नाही. क्रेस्ट बोअरच्या पाण्याने धुऊ नका, त्यात आणखी क्षार असतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाणी दुधाळ होईनासं झालं की थांबा. पूर्ण वाळवून तीन टक्के बेन्झोट्रायाझोल (तांब्या-पितळेचं गंजणं रोखणारं रसायन) स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात चोवीस तास ठेवा (हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून), मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. चिंच किंवा पितांबरी अजिबात नको. वय सांगणारा सगळा थर एका दुपारी निघून जातो.

लाकडी पाटीवरची रंगीत क्रेस्ट बहुधा प्लास्टरची किंवा रेझिनची, भेट म्हणून दिलेली असतात. ती युद्धाची नसली तरी सुरुवातीला हीच घ्या. स्वस्त आहेत, आणि निवृत्त नौसैनिकांच्या घरून आली तर कोणत्या जहाजावर, कधी मिळालं तेही लिहून घेता येतं. प्लास्टरला पाणी लावू नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची युद्धकाळातली घड्याळं, होकायंत्रं कधीच उघडू नका. चमक गेली तरी त्यातलं रेडियम तसंच असतं. आणि तोफेचा अख्खा गोळा किंवा त्याचा फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) कोणी विकायला आणला तर हात न लावता पोलिसांना कळवा.