तुमची बाग, तुमचे प्रश्न : पानं गळलेला चाफा उपटू नका

प्रश्न : ताई, आमच्या गच्चीवर कुंडीत पांढरा चाफा आहे, तीन वर्षं झाली पण एक फूल नाही. दरवर्षी डिसेंबर आला की पानं पिवळी पडून गळतात आणि नुसत्या काड्या उरतात, मग मी जानेवारीत टोकं टोकं कापून टाकते आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालते. उन्हाळ्यात कूलरचं पाणी पण त्याच कुंडीत सोडते, वाया नको जायला. यंदा मार्च निम्मा झाला तरी एक पान नाही. शेजारच्या काकू म्हणतात मेलं, उपटून टाक. सासूबाई म्हणतात हे देवळातलं झाड, घरी लागतच नाही. काय करू?
(एक वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर)

उत्तर : उपटू नका, अजिबात उपटू नका. आधी गच्चीवर जा आणि अंगठ्याच्या नखाने एका फांदीची साल जराशी खरवडून बघा. वरच्या राखाडी पापुद्र्याखाली हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर झाड जिवंत आहे. मग तीच फांदी दोन बोटांत धरून वरून खाली दाबत या, कडक लागली तर काळजी नाही, पण जिथे पिचपिचीत लागेल आणि बोट आत जाईल तिथे आतून सडलंय. सडलेला भाग धारदार चाकूने कापत कापत खाली या, आतलं लाकूड पांढरं, स्वच्छ, डाग नसलेलं दिसेपर्यंत. बुंधाच सडला असेल तर वरची चांगली फांदी वाचवा, ती कशी लावायची ते पुढे सांगते.

आता मूळ गोष्ट. चाफ्याला हिवाळ्यात काही होत नसतं, तो विश्रांती घेत असतो. हे झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं, तिकडे वर्षातले बरेच महिने पाऊस नसतो, तेवढा काळ पानं टाकून जाड फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर तो काढतो. आणि आपण काय करतो, पानं गळाली की घाबरतो आणि दुप्पट पाणी घालतो. पान नाही म्हणजे पाणी उडून जायला जागाच नाही, मुळं नुसती चिखलात बसतात आणि कुजतात. नागपुरात चाफे उन्हाने मरत नाहीत हो, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) पण ते आरामात काढतात, ते मरतात आपल्या मायेच्या पाण्याने आणि काळ्या मातीने. काळी माती कापसाला सोनं आहे पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की विटेसारखी होते. त्यामुळे माती बदलाच. एक भाग साधी माती, एक भाग रेती, एक भाग मुरूम आणि दोन मुठी जुनं कुजलेलं शेणखत, खाली भोकं मोकळी. कुंडी काळ्या प्लास्टिकची असेल तर तीही बदला, मे महिन्यात गच्चीवर तिला हात लावून बघा म्हणजे आत मुळांचं काय होत असेल ते कळेल. मातीची किंवा सिमेंटची चांगली.

कूलरचं पाणी मात्र बंद करा. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात कूलरमधलं पाणी दिवसभर उडत राहतं आणि क्षार मागे उरतात, कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो ना तेच कुंडीत जातं. वर पाईप सतत ठिबकत असला की माती कधी वाळतच नाही.

आणि फुलं का नाहीत याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. चाफ्याचं फूल फांदीच्या अगदी शेंड्यावर येतं, दुसरीकडे कुठे नाही. ज्या बोटांना तुम्ही वाळलेली समजून जानेवारीत कापता त्यांच्यातच त्या वर्षीचा तुरा असतो! तीन वर्षं तुम्ही मनापासून सेवा केली आणि नेमकी फुलंच कापली गेली, वाचून मला फार वाईट वाटलं. यंदा शेंड्याला हातही लावू नका (सडका असेल तर गोष्ट वेगळी). तुरा येऊन गेला की त्याच टोकातून दोन-तीन फांद्या फुटतात आणि झाड आपोआप भरतं. ऊन दिवसाला सहा तास तरी हवं. युरिया नको, त्याने नुसती पानं माजतात. नवीन पानाची चोच दिसली की मग पाणी सुरू करा, तेही बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच.

फांदी लावायची असेल तर हीच वेळ आहे, फेब्रुवारी अखेर ते मार्च. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, साल हिरवी नसलेली, राखाडी झालेली फांदी घ्या. कापली की चीक गळेल, तो डोळ्यात जाऊ देऊ नका, अंगाला लागला तर काहींना खाज येते, लेकरांना लांब ठेवा. आणि लगेच लावू नका! आठ-दहा दिवस सावलीत नुसती पडू द्या, कापलेला भाग सुकून टणक झाला की मग चार बोटं खोल लावा. माझ्या माहेरी, नागपूरच्या महाल भागात, अंगणातला चाफा एकदा छाटला होता, त्यातली एक फांदी न्हाणीघराच्या मागे भिंतीला टेकून तशीच राहिली, ना माती ना पाणी, आणि मे महिन्यात आईने मला हाक मारून दाखवलं, त्या सुटलेल्या फांदीच्या टोकाला चार फुलं होती. तेव्हापासून कुणी म्हणालं चाफा वाळला की मी आधी नख लावून बघते.

सासूबाईंना सांगा की देवळातलं आहे म्हणूनच ते घरी जगेल, कारण देवळाच्या आवारात त्याला कुणी रोज पाणी घालत नाही. आणि हे झाड इथलं नाही हे ऐकून त्यांना वाईट वाटू देऊ नका. जुन्या संस्कृत काव्यात चंपक म्हणतात तो आपला सोनचाफा, तो वेगळ्याच कुळातला. हा पांढरा चाफा कण्हेर आणि तगरीच्या कुळातला, शास्त्रीय नाव प्लुमेरिया, शार्ल प्लुमिए नावाच्या फ्रेंच साधूवरून ठेवलेलं, तो १६४६ ते १७०४ या काळातला, कॅरिबियन बेटांवर झाडं शोधत हिंडला होता. निकाराग्वाचं हे राष्ट्रीय फूल आहे, तो तर त्याचा माहेरचाच मुलूख, पण इकडे आशियात लाओसनेही हेच फूल राष्ट्रीय मानलंय. झेंडू, सीताफळ, मिरची हे सगळं अमेरिकेकडूनच आलं, आणि झेंडूशिवाय आपला दसरा होतो का? इतकी वर्षं देवाला वाहिलेलं फूल आपलंच झालं.

प्रश्न : नर्सरीतून नागचंपा आणला, फुलं भरपूर येतात पण वास जवळजवळ नाहीच. फसवलं का?
(एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : नाही, फसवलं नाही. पान नागाच्या फण्यासारखं दिसतं म्हणून नर्सरीत त्याला नागचंपा म्हणतात, आहे तो चाफ्याचाच भाऊ, प्लुमेरिया पुडिका, पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएलाकडचा. पानं फारशी गाळत नाही, फुलं भरभरून, वास मात्र अगदी कमी. (जुना खरा नागचाफा म्हणजे नागकेशर, ते झाडच वेगळं.) वास हवा असेल तर साधा पिवळ्या पोटाचा पांढरा किंवा लाल चाफा लावा आणि त्याच्याजवळ दुपारी नाही, रात्री जेवणं झाल्यावर जा. त्याचा वास अंधार पडल्यावर वाढतो कारण त्याला रात्री उडणारे मोठे पतंग बोलवायचे असतात. फुलात मध थेंबभरही नसतो, बिचारा पतंग वासाला भुलून या फुलातून त्या फुलात सोंड घालत फिरतो आणि परागीकरण करून जातो. म्हणूनच चाफ्याला शेंगा क्वचित दिसतात, दिसल्या तर जोडीने, बैलाच्या शिंगांसारख्या.

प्रश्न : पावसाळ्यात चाफ्याच्या पानामागे नारिंगी पावडर येते, बोटाला लागते. औषध?
(एक वाचक, कामठी रोड)

उत्तर : तो तांबेरा आहे, बुरशी. लागलेली पानं सकाळीच तोडा, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, खताच्या खड्ड्यात टाकू नका आणि कुंडीत पडलेली पण वेचून घ्या. पाणी मुळाशी द्या, पानांवर पाईप मारू नका. दोन झाडांत हवा खेळेल एवढी जागा ठेवा. फारच पसरला तर पाण्यात मिसळणारं गंधक मिळतं ते पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी फवारा, पण कडक उन्हाच्या दिवसांत नाही, पानं भाजतात. झाड याने सहसा मरत नाही, आणि डिसेंबरात पानं गळाली की ती सगळी उचलून टाका म्हणजे पुढच्या वर्षी त्रास कमी होईल.